उंच रेघेची शाळा

एकदा एका व्यापाऱ्याने लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी बायकोला खूश करायचे ठरवले. संकल्प चांगला होता, फक्त उशिरा सुचलेला होता. आणि उशिरा सुचलेल्या गोष्टी माणूस नेहमी गरजेपेक्षा मोठ्या करतो. एखादे लुगडे, एखादी तीर्थयात्रा, एवढ्यावर भागले असते. शेटजींनी बायकोच्या नावाने शाळा बांधायचे ठरवले, आणि तीही तिच्या माहेरच्या आळीत, ओढ्याकाठच्या तिच्या पेरूच्या बागेत.

जागा तीच का, हे कळण्यासाठी त्या गावाची एक रीत आधी सांगितली पाहिजे.

गावाच्या मधून एक ओढा वाहत होता. ओढ्यालगतच्या सखल भागाला खालची आळी म्हणत, आणि चढ चढून गेल्यावर वरची आळी लागे. गावाच्या पूर्व टोकाला दोन कातळी टेकड्या एकमेकींना जवळजवळ चिकटून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधल्या अरुंद खिंडीतून ओढा अंग चोरून बाहेर पडे. वर्षातले आठ महिने त्यात इतके थोडे पाणी असे की म्हशी बसल्यावर उरलेल्या जागेतून ते कशीबशी वाट काढी. पावसाळ्यात तो जरा आवाज करी, चार दगड इकडचे तिकडे लोटी आणि पुन्हा गप्प बसे. गावकरी त्याच्याविषयी घरच्या वासराविषयी बोलावे तसे बोलत.

दिवाळीच्या आधी गावातल्या सगळ्या घरांना चुना लावत आणि भिंतीच्या खालच्या भागाला गेरूचा तांबडा पट्टा काढत. पट्ट्याच्या वरच्या कडेला 'रेघ' असे नाव होते. ही रेघ कुठे ओढायची हे घरमालकाच्या मर्जीवर नव्हते. नवे घर उभे राहिले की शेजारच्या घरातली वडीलधारी बाई आपल्या भिंतीवरच्या रेघेला दोरीचे एक टोक लावून धरी. गवंडी पाणसळ घेऊन, म्हणजे पातळी दाखवणारे आपले पाण्याचे साधन घेऊन, ती दोरी नेमकी आडवी करी. नव्या भिंतीवर दोरी जिथे टेकेल तिथे नव्या घराची रेघ. याला 'रेघ देणे' म्हणत. त्या दिवशी हलगी वाजे, हळदकुंकू होई, पुरणाचा बेत असे. ही रीत कुणी घालून दिली आणि कशासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हते. आणि पुरण समोर असताना असले प्रश्न विचारायला कुणाला सवडही नव्हती.

आता जमीन उताराची आणि दोरी आडवी. त्यामुळे खालच्या आळीत रेघ छातीला लागे, एखाद्या घरी कपाळाला लागे. चढ चढत जावे तशी ती कमरेला येई, मग गुडघ्याला, आणि वरच्या आळीत उंबऱ्याखाली जाऊन नाहीशीच होई. तिथल्या घरांना पट्टाच नसे. माणसाच्या जातीला उंची दिसली की तीत मान दिसतो. तेव्हा उंच रेघेचे घर म्हणजे खानदानी घर, असे त्या गावात ठरून गेले होते. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असे, रेघ कुठवर? छातीच्या घरची मुलगी गुडघ्याच्या घरी द्यायची म्हटले की लोक कां-कू करत. खालच्या आळीतल्या माणसाच्या घरात पीठ असो वा नसो, वरच्या आळीतून जाताना तो ताठ मानेने चाले.

आपला व्यापारी होता वरच्या आळीतला. घर मोठे, ओसरी ऐसपैस, पण भिंत खालपासून वरपर्यंत पांढरीफटक. त्याची बायको गोजरबाई खालच्या आळीची, छातीइतक्या रेघेच्या घरातली. तिने नवऱ्याला चाळीस वर्षे मनापासून सांभाळले आणि तितकीच वर्षे मनापासून चिडवले. भांडण रंगात आले की ती हमखास म्हणे, "आमच्या बाबांनी डोळे मिटून मला बिनरेघेच्या घरात दिली." ती हसत म्हणे, पण शेटजींना ते लागे. सासुरवाडीला जेवायला गेले तर तिची चुलती ठकूआजी, खालच्या आळीतली सर्वांत वृद्ध बाई, जावयाचा पाट मुद्दाम तांबड्या पट्ट्याला लागून मांडी आणि म्हणे, "टेका जावईबापू, आमच्या रेघेला टेका." सगळी पंगत हसे. शेटजीही हसत, आणि घरी जाऊन दोन दिवस धड बोलत नसत.

म्हणून पेरूची बाग. ती ठकूआजीच्या घरामागे होती आणि गावातला सर्वांत सखल तुकडा तोच होता. तिथे शाळा झाली म्हणजे तिची रेघ गावात सर्वांत उंच होणार. बिनरेघेच्या माणसाने बायकोच्या नावाने बांधलेली, गावातल्या सर्वांत उंच रेघेची शाळा! शेटजींना हे सुचले तेव्हा त्यांना त्या रात्री झोप आली नाही म्हणतात. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त ठरला. दगड येऊन पडले. खालच्या आळीतल्या अडतीस मुलांची नावेही घालून झाली.

मात्र पंचांचा एक नियम होता. ओढ्याकाठी दहाजणांच्या वापराची इमारत करायची, तर पाण्याच्या जाणकाराचा शब्द घेतला पाहिजे. तीन कोसांवर असा एक वृद्ध जाणकार राहत असे. विहीर कुठे खणावी, बांध कुठे घालावा, आणि कुठे गायसुद्धा बांधू नये, हे सांगण्यात त्याचे आयुष्य गेले होते. लोक त्याला आबा म्हणत. आबांना प्रवास झेपत नसल्याने त्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्य दहा वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता आणि एकट्याने केलेले हे त्याचे पहिलेच काम होते. त्यात कसूर राहू नये म्हणून तो घरून दोन वह्या, तीन काठ्या आणि चार दिवसांऐवजी आठ दिवसांचे कपडे घेऊन निघाला.

आणि त्याने खरोखर मन लावून काम केले. अकरा ठिकाणी ओढ्याची रुंदी मोजली. काठाच्या उंचीची नोंद केली. झुडपांत अडकलेले गेल्या पावसाळ्यातले गवत शोधून पाणी कुठवर चढले होते ते पाहिले; ते कुठेही कमरेच्या वर नव्हते. मग चाळीस माणसांना गाठून त्याने विचारले की ओढ्याचे पाणी कधी बागेत आले होते का. चाळिसांनी नाही म्हटले. ठकूआजी तर म्हणाली की तिच्या सासूनेही असे कधी सांगितले नव्हते. शिष्याने परत येऊन स्वच्छ अक्षरात निष्कर्ष लिहिला: बागेस ओढ्यापासून भय नाही.

आबांनी दोन्ही वह्या वाचल्या. चूक कुठेच नव्हती. वही मिटताना त्यांनी सहज विचारले, गाव कसे वाटले? शिष्य खुलून सांगू लागला, की गाव फार देखणे आहे, घरोघर गेरूचा तांबडा पट्टा काढतात, आणि गंमत अशी की ओढ्याजवळच्या घरांना तो उंच असतो आणि वर जावे तसा कमी कमी होत जातो. एवढे बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आले नव्हते. आबांच्या मात्र आले. ते म्हणाले, "गाडी जुंपायला सांग."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे गावात पोहोचले. आबा ओढ्याकडे गेलेच नाहीत. ते आधी ठकूआजीच्या अंगणात गेले, मग चढावरची पाच-सहा घरे पाहून आले, आणि रीतीची सगळी हकीकत त्यांनी गवंड्याकडून ऐकून घेतली. शेटजी त्यांच्यामागून हात जोडून हिंडत होते. म्हातारा नाही म्हणतो की काय, अशी त्यांना धास्ती होती. सगळे बागेत जमल्यावर आबा म्हणाले, "शेटजी, शाळा नंतर बांधा. आधी तिला रेघ देऊ या."

भिंत नसताना रेघ! असे कधी कुणी ऐकले नव्हते. पण सण एक दिवस आधी करायला कोण नाही म्हणणार? बघता बघता हलगी आली, बायका ताटे घेऊन आल्या, वरची आळी खाली उतरली. शिष्य तेवढा खजील होऊन एका पेरूखाली उभा राहिला. आपल्या गुरूंनी पाण्याचे काम सोडून गावकऱ्यांच्या हौसेत सामील व्हावे, हे त्याला पटत नव्हते. आपल्या दोन वह्यांची ही किंमत झाली, असेही त्याच्या मनात आले. तो तरुण होता, त्याला माफ केले पाहिजे.

भिंतीच्या जागी बागेच्या मध्यावर एक उंच बांबू रोवण्यात आला. ठकूआजीने नवे लुगडे नेसून आपल्या मागच्या भिंतीवरच्या रेघेला दोरी लावली. रेघ तिच्या छातीशी होती. गवंड्याने दोरी ताणून बांबूपर्यंत नेली, पाणसळ लावली आणि तो दोरी वर घ्या, आणखी वर घ्या, असे खुणावत राहिला. बागेची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खूपच खाली होती. दोरी शेटजींच्या खांद्यावरून गेली, फेट्यावरून गेली, त्यांनी हात उंच केला तरी त्याच्याही वर गेली. शेवटी ते स्टुलावर चढले तेव्हा त्यांची बोटे दोरीला लागली. सारा गाव ओरडून उठला. एवढी उंच रेघ कुणी जन्मात पाहिली नव्हती. शेटजी स्टुलावर उभे होते, बोटांनी दोरी धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. त्यांनी गर्दीत गोजरबाईला शोधले. तिनेही पदराने डोळे टिपले, आणि मग, सवय कुठे जाते, हाताने खूण केली की खाली उतरा, पडाल.

आबांनी हलगी थांबवायला सांगितली. ते म्हणाले, शाळेत येणारी मुले पुढे येऊ द्या आणि दोरीखाली वर्गात बसतात तशी बसू द्या. अडतीस मुले रांगेने मांडी घालून बसली. सर्वांत धाकटा ठकूआजीचा पणतू होता; तो लगेच पेरू खायला लागला.

मग आबांनी एक खुरपे मागून घेतले, ठकूआजीजवळ गेले आणि नम्रपणे विचारले की तिची रेघ जरा खरवडली तर चालेल का.

कुणी देव्हाऱ्यातल्या देवाला हात घालू का विचारले असते तरी लोक एवढे दचकले नसते. गवंडी दोन पावले पुढे आला. ठकूआजीने आबांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. तिचे घर आळीतले सर्वांत जुने, तिच्या भिंतीवरून साऱ्या गावाने रेघ घेतलेली.

"खरवडा," ती म्हणाली. "पण दिवाळीला गेरू लावायला तुम्हीच यायचं."

आबा हसले आणि खरवडू लागले. गेरूचे पापुद्रे निघत गेले, एकाखाली एक, किती दिवाळ्यांचे कोण जाणे. तांबडे संपले आणि खाली काळपट करडा थर दिसू लागला. रेघेच्या वरची भिंत स्वच्छ होती, रेघेच्या खालची डागाळलेली, आणि दोहोंच्या मधोमध कडेने गाळाची एक बारीक ओळ. त्या ओळीत गवताची वाळलेली काडी रुतून बसली होती, आणि तिच्याशेजारी करंगळीच्या नखाएवढी शिंपली.

शिंपली प्रथम शिष्याला दिसली. तशा शिंपल्या त्याने आठ दिवस ओढ्याच्या तळाशी पाहिल्या होत्या. गुरूंच्या हातून त्याने खुरपे घेतले आणि धावत चढ चढून गुडघ्याच्या रेघेचे एक जुने घर गाठले. तिथल्या आजोबांना त्याने कसे पटवले देव जाणे. परत आला तेव्हा त्याच्या नखांत गेरू होता आणि चेहरा उतरला होता. तिथेही गेरूखाली गाळच होता, तो म्हणाला, आणि नेमका रेघेपर्यंतच होता.

तेव्हा आबा बोलले, आणि फार थोडे बोलले.

"ही रेघ तुमच्या पूर्वजांनी ठरवली नाही. ओढ्यानं ठरवली. पिढ्यांतून एखाद्या वर्षी डोंगरात असा पाऊस होतो की ते पाणी त्या खिंडीत मावत नाही. मग ते मागं फुगतं आणि गावात तळ्यासारखं उभं राहतं. तळ्याचं पाणी सगळीकडं एकाच पातळीला, म्हणून तुमची दोरी आडवी. पाणी ओसरलं, पण भिंतीवरचा डाग काही चुन्यानं झाकेना. तेव्हा कुणा शहाण्या बाईनं त्यावर गेरू लावला. नवी शेजारीण राहायला आली तेव्हा तिच्या भिंतीपर्यंत दोरी नेऊन तिला सांगितलं, इथवर येतं बरं का. तुम्ही दोरी सांभाळलीत, पाणसळ सांभाळली, पुरणसुद्धा सांभाळलंत. ते एक वाक्य तेवढं वाटेत सांडलं."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू दोरीकडे वळल्या आणि तिथून खाली मुलांकडे गेल्या. दोरी मुलांच्या डोक्यावरून पुरुषभर उंच होती. ठकूआजीचा पणतू वर पाहून हसला. एक बाई पुढे झाली आणि तिने आपल्या मुलीला उचलून कडेवर घेतले. मग दुसरी आली, मग तिसरी. थोड्या वेळाने दोरीखाली कुणीच उरले नाही.

शेटजी अजून स्टुलापाशीच उभे होते. मघाशी मिळालेली उंची हातातून गेली होती. चाळीस वर्षांचा सल, आणि तो निघतो न निघतो तोच हे. त्यांनी आबांना विचारले, "मग आमच्या घराला रेघ नाही, त्याचा अर्थ काय?"

"तुमच्या उंबऱ्याला पाणी शिवत नाही, एवढाच," आबा म्हणाले. "सारं गाव बुडालं तरी तुमच्या ओसरीवर चूल पेटेल."

शेटजी गोजरबाईकडे पाहू लागले. सगळा गावच तिच्याकडे पाहू लागला, कारण आता बोलायची पाळी तिची होती. ती जराशी गोरीमोरी झाली. पदर सावरून म्हणाली, "म्हणजे बाबांनी डोळे उघडे ठेवूनच दिली होती म्हणायची मला."

आधी ठकूआजी हसली. मग खालची आळी हसली, वरची आळी हसली, आणि शेटजी तर स्टुलावर बसून इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. चाळीस वर्षे जे मनात रुतून होते ते त्या हसण्यात निघून गेले असावे. मला विचाराल तर, बायकोला खूश करायला निघालेला नवरा स्वतःच इतका खूश होऊन घरी गेल्याचे उदाहरण विरळाच.

पुढचे ठरायला वेळ लागला नाही. शेटजींनी आपल्या घराशेजारची मोकळी जागा देऊ केली आणि दगड बैलगाड्यांनी वर चढवले. खालच्या आळीतल्या काही जणांनी कुरकुर केली की पोरांना रोज चढ चढावा लागेल. ठकूआजीने त्यांना विचारले की पोरांना चढ नको असेल तर काय पोहायला शिकवायचे आहे का. पेरूची बाग मुलांना खेळायला दिली, पाऊस नसेल त्या महिन्यांत. मुहूर्त चुकला नाही. आबांनी रीत मोडा असे कुणाला सांगितले नाही. त्यांचे मागणे एकच होते, की यापुढे रेघ देताना ते हरवलेले वाक्य तोंडाने म्हणावे, आणि धान्य, कागदपत्रे, पाळणे यांसाठी माळा रेघेच्या वर बांधावा.

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले की त्याचे कुठे चुकले.

"मोजण्यात नाही चुकलास," आबा म्हणाले. "आज ओढा केवढा आहे ते तू नीट मोजलंस. माणसांना आठवतं ते नीट लिहून घेतलंस. पण माणसं जे विसरलेली असतात तेही करत राहतात. कशासाठी करतात ते त्यांना सांगता येत नाही. तिथं आपण जरा थांबून बघायचं. तू तर ते मला येऊन सांगितलंस, आणि देखणं आहे म्हणून सोडून दिलंस."

शिष्याने मान हलवली. आपले गाव येईपर्यंत तो नखांतला गेरू काढत बसला होता.

शाळा पुढच्या वर्षी सुरू झाली. ठकूआजीनेच तिला रेघ दिली. तिच्या भिंतीपासून घराघरांवरून पुढे नेत नेत दोरी चढावर पोहोचली ती शाळेच्या भिंतीला न लागता दारापुढच्या पायऱ्यांवर टेकली, खालून तिसऱ्या पायरीवर. तिथे गेरूने तांबडी ओळ काढली. ठकूआजी त्या पायरीशी वाकून मोठ्याने म्हणाली, "इथवर येतं बरं का." मुलांना ते इतके आवडले की जाता येता ती पायरी ओलांडताना तेच ओरडायची. नव्या सुना आल्या त्यांनाही हे वाक्य ऐकवले गेले, आणि त्यांनी ते, सासरी पहिल्या दिवशी ऐकवतात त्या बाकीच्या वाक्यांसारखे, ऐकून घेतले. त्यावर विश्वास ठेवला असे म्हणता येणार नाही. म्हणायची पद्धत म्हणून म्हणत होते.

असे तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी भाद्रपदात डोंगरात तीन दिवस पाऊस थांबला नाही. शिष्य त्या दिवसांत दुसऱ्या एका कामासाठी गावात आला होता. आबा आता घराबाहेर पडत नसत. सकाळी उन्मळलेली मोठाली झाडे वाहत येऊन खिंडीत आडवी अडकली आणि ओढा पुढे जायचा थांबला. पाणी लोंढ्याने आले नाही. ते आवाज न करता बागेत शिरले, पेरूच्या बुंध्यांना वेढून उभे राहिले आणि हळूहळू चढू लागले.

एरवी घाबरून धावाधाव झाली असती. पण काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक होते, इतके की नवल वाटावे. धान्य माळ्यावर होतेच. बायकांनी पाळण्यातली मुले घेतली, पुरुषांनी गुरे सोडली, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतले आणि दुपारच्या आत सारी खालची आळी वरच्या शाळेत येऊन बसली. गुरे शेटजींच्या अंगणात बांधली. शेटजींच्या ओसरीवर तीन चुली पेटल्या होत्या. ते स्वतः घामाघूम होऊन पिठल्याच्या पातेल्यापाशी उभे होते आणि उंच रेघेच्या एकूण एक घराला हाताला धरून आग्रहाने वाढत होते. एवढा पाहुणचार त्यांना आयुष्यात करायला मिळाला नव्हता. गोजरबाई मीठ कमी पडल्याचे सांगत त्यांच्यामागून फिरत होती.

तिसऱ्या प्रहरी पाणी शाळेच्या पायऱ्यांना लागले. पंगत अर्धी सोडून लोक दाराशी जमले. शिष्य मोजकाठी घेऊन सर्वांत पुढे उभा होता. पहिली पायरी बुडाली. बऱ्याच वेळाने दुसरी बुडाली. मग तिसरीवर पाणी चढू लागले, गेरूच्या ओळीखाली एक वीत, चार बोटे, दोन बोटे. खाली ठकूआजीचे घर छातीइतक्या पाण्यात उभे होते आणि बागेतल्या पेरूंचे शेंडे तेवढे वर दिसत होते.

पाणी ओळीला लागले. ओला गेरू सुटून पाण्यात एक तांबूस धार मिसळली. पाणी तिथेच उभे राहिले, घटकाभर, तसेच. आणि मग ओळीखालची एक बोटभर ओली पायरी पुन्हा दिसू लागली.

ठकूआजीला दोघींनी धरून पुढे आणले होते. तिने हे वाक्य चार वर्षांत कितीतरी दोऱ्यांच्या टोकाशी उभे राहून म्हटले होते. आता ती वाकून पायरीकडे पाहत राहिली आणि स्वतःशीच, अगदी हळू आवाजात म्हणाली, "इथवर येतं बरं का."

शिष्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्याने वहीत काहीही लिहिले नाही. आत मुले होती, ती जेवत होती, आणि अडतीसच्या अडतीस होती. त्याने मोजली ती तेवढीच. मग तोही त्यांच्या पंगतीत जाऊन बसला.

आपणही सणासुदीला वाडवडिलांच्या हातची कसली ना कसली दोरी हौसेने धरून उभे असतो. पुरण वाढून होईपर्यंत थोडा वेळ मिळतो; तेवढ्यात कुणाला तरी विचारून घ्यावे की इथवर येते ते काय.